कपलिंगवरची पांढरी रेघ

आमच्या घरात जलमभर लोकाइची नावं दगडात कोरली, म्हून इथं एकाचंबी नाव लिहणार नाई. नवऱ्याले नवरा म्हणीन, गुरुजीले गुरुजी. समोर मी नवऱ्याले ‘तुमी’ म्हणते, इथं ‘तो’ म्हणून राह्यली. कागदाले काय कळते?

बालाघाटात आमचं दगड कोराचं दुकान आहे. दुकान म्हणजे घरामागचं टिनाचं शेड, बाजूले राइस मिल, समोर नाली. घरावरच्या पाट्या, समाधीचे दगड, पायऱ्या, नेत्याइच्या हातानं पडदा सरकवाचा तो उद्घाटनाचा दगड, सारं इथंच होते. पह्यले हे काम नवऱ्याच्या हातचं होतं. छिन्नी, हातोडी अन् पांढरी पेन्सिल. काळ्या दगडावर तो आधी पांढऱ्या पेन्सिलीनं रेघा मारे अन् मंग कोरे. त्याचा ‘ज्ञ’ पाहाले गोंदियाहून लोक येत, असं तो चौघांत सांगते. खोटं नाई, येत होते. पण दहादा सांगतलं का खरंबी कानाले टोचते.

लग्नाच्या आधी तो मॅंगनीजच्या खदानीत होता, माल वर ओढाच्या विंचवर. खदानीतल्या गोष्टी सांगून सांगून यानं माह्यं डोकं खाल्लं. विंच कशी घसरली, बोल्ट कसा ढिला झालता, कोणाचं बोट कसं गेलं. मी हौ हौ म्हणत भाकर थापे अन् एकबी गोष्ट धड आयकत नोहती.

मंग त्याच्या उजव्या हाताले थरथर सुटली. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, नागपूर झालं. थरथर जागची हालली नाई. चाहाचा कप धरला का अर्धा बशीत अन् अर्धा मांडीवर. छिन्नी धरली का दगडाचा कोपरा उडे. एका समाधीच्या दगडावर त्यानं मेलेल्या म्हातारीच्या नावाची वेलांटी फोडली, त्या दिवशी तो शेडाच्या मागं जाऊन बसला अन् जेवाले आला नाई. मी तेवढ्यावर समजली. भांडली, रडली नाई, अन् कोराची मशीन आणली.

नवरा आठ दिवस माह्यासंग बोलला नाई. नवव्या दिवशी बोलला ते हे, “डबडं आणलं.” झालं. मशीनचं नाव डबडं पडलं. मले सांगा, ज्या डबड्यावर घरची चूल पेटून राह्यली, त्याले दिवसातून चारदा डबडं म्हणणाऱ्या माणसाचं काय करावं? मीबी काई कमी नाई. त्यानं डबडं म्हणलं का मी त्याच्या हातोड्याले खुळखुळा म्हणे.

मशीन कशी आहे ते सांगते, नाईतर पुढचं कळणार नाई. एक लोखंडी टेबल. त्यावर एक आडवा पूल, अन् पुलावर फिरते कोराचं टोक. कॉम्प्युटरवर अक्षरं लिहली का टोक ती दगडात काढते. टोक सरकवाले तीन मोटरी: एक डावी-उजवी, एक मागं-पुढं, एक वर-खाली. ह्याइले स्टेपर मोटर म्हणतेत, म्हणजे पावलं मोजत चालणारी. कॉम्प्युटर अन् मोटरीच्या मधात हुकूम देणारी एक पेटी असते. तिच्यातून हुकूम सुटला का हजार पावलं डावीकडं, मोटर बराबर हजार पावलं फिरते. पण ती आंधळी आहे. टोक खरंच तिथवर पोचलं का वाटेत अडकलं, हे तिले दिसत नाई. तिनं हजार मोजले म्हणजे पोचलो, असंच ती धरून चालते. अन् कोणी सांगतलं तरी तिले आयकू येत नाई.

मशीन बसवाले फिटर आलता, नागपूरचा, हिंदी बोलणारा. त्यानं मले सारं शिकवलं. काम सुरू कराच्या आधी टोक ज्या खुणेवर उभं करतेत तिले तो झीरो म्हणे, मी घर म्हणे. काम संपलं का मशीनले घरी धाडाचं अन् टोक खुणेवर येऊन उभं राह्यलं का पाहाचं, एवढी एक गोष्ट त्यानं मले घोकून घोकून सांगतली. जाता जाता मोटरीवर हात ठेवून म्हणला, “भाभीजी, ये मोटर ही इसकी जान है. दशहरे को पूजा-वूजा कर देना, नहीं तो पहले ही साल धोखा देगी.”

नवरा हसला. “आमच्या घरी ते चालत नाई गा,” म्हणला. “आमचा दसरा वेगळा.”

खरंच वेगळा. आमी बौद्ध. सासऱ्याच्या काळापासून घरात शेंदूर नाई, नारळ नाई, दोरा नाई. दसऱ्याले आमचा सारा वार्ड नागपूरले जाते. फिटरनं खांदे उडवले अन् गेला.

दिवाळी सरली अन् गुरुजी आले. गुरुजी म्हणजे शाळेतून रिटायर झालेले मास्तर, वार्डातल्या विहाराच्या समितीचे अध्यक्ष. विहाराच्या दारात पंचशील कोरलेला दगड बसवाचा होता, येत्या पौर्णिमेले. पाच ओळी. दगड वार्डातल्या बायाइनं आणलता, काळा ग्रॅनाइट, आरशासारखा. हातगाडीवर घालून त्याइनं तो स्वतः लोटत आणला अन् शेडात ठेवला. दुसरा दगड नोहता, अन् मिळणारबी नोहता.

“हाताचं काम पाहिजे होतं,” गुरुजी नवऱ्याले म्हणले.

नवऱ्यानं उजवा हात पुढं केला. हात थरथरत होता. बाया खाली पाहाले लागल्या. मले ते सहन झालं नाई, म्हून मी मधात तोंड घातलं. “मशीनवर करून देतो जी. एक कानामात्रा हालणार नाई.”

नवऱ्यानं माह्याकडं असं पाह्यलं, जशी मी त्याच्या ताटातली भाकर उचलली. म्हणला, “करू द्या गुरुजी हिले. पण हिनं हा दगड नासवला तं हे डबडं ह्या शेडात राहणार नाई. तुमच्यासमोर सांगून राह्यलो.”

“हौ!” मी म्हणलं. “अन् नाई नासवला तं तुमी त्याले पुन्हा डबडं म्हणाचं नाई.”

“बरं,” तो म्हणला.

असं झालं. मशीन गेली तं मी पुन्हा लोकाइच्या घरचे भांडे घासाले जाणार, हे त्यालेबी माहीत होतं अन् मलेबी. गुरुजी शहाणा माणूस. म्हणले, “सूनबाई, आधी कडप्प्याच्या तुकड्यावर काढून दाखव. ते पसंत पडलं तं मंग ग्रॅनाइटले हात लाव.”

कडप्पा लावला, पाच ओळी काढल्या, फुंकर मारून भुकटी उडवली अन् पट्टी लावून पाह्यली. पह्यली ओळ बराबर. दुसरी केसभर उजवीकडं. तिसरी अजून थोडी. चौथी, म्हणजे खोटं न बोलाच्या शीलाची ओळ, सरळ दोन सूत सरकलेली. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, अन् दगडाच्या धंद्यात एवढ्यानं माणसाची इज्जत जाते. पाचवी तं विचारूच नका. मशीनले घरी धाडलं तं टोक खुणेच्या उजवीकडं जाऊन उभं राह्यलं, अन् कॉम्प्युटर म्हणते, पोचली घरी.

नवरा दारात उभा होता. पाचवी ओळ दारू न पेण्याची असते. तो म्हणला, “पाचवी ओळ काढाच्या आधीच पेली का वो तुही मशीन?”

तळपायाची आग मस्तकात गेली. पण वाकड्या ओळी समोर होत्या.

फिटरले फोन लावला. त्यानं धड आयकून न घेता सांगतलं, फाइल देखो, अर्थिंग देखो, वोल्टेज देखो, अन् फोन ठेवला. फाइल पाह्यली, अक्षरं कॉम्प्युटरवर एका सरळ रेघेत होती. अर्थिंग पाह्यली, खड्ड्यात पाणी टाकलं. उरला वोल्टेज. बाजूच्या राइस मिलची मोटर सुरू झाली का आमच्या शेडातला बल्ब पिवळा पडते, हे मले आधीपासून माहीत. झालं, चोर सापडला! मी सरळ मिलवाल्याच्या दारात गेली अन् तोंड सोडलं. तुमची मिल आमचा करंट खाऊन राह्यली, वीज काय तुमच्या बापाची आहे का, इथंवर गेली. तो बिचारा हातात धानाचा नमुना घेऊन उभा. “अम्मा, कल तो मिल बंद है,” एवढंच म्हणला. दुसऱ्या दिवशी मिल बंद होती. बल्ब लखलखीत होता. अन् ओळी तशाच उजवीकडं. माफी मागाले मी गेली नाई. अजूनबी नाई गेली.

मंग मी टोक काढून त्या जागी स्केचपेन बांधला अन् प्लायवूडवर चौकोन काढाले लावला. दहादा तोच चौकोन, अन् दर वेळी घरी. हळू चालवली तं दहाबी चौकोन एकावर एक, पेन बराबर खुणेवर. जोरात पळवली तं ओळ संपवून डावीकडं परत येताना दर वेळी थोडी कमी येई. पळताना घसरते, हे कळलं. फिटरले पुन्हा फोन केला तं म्हणते कसा, “तो धीरे चलाओ ना भाभीजी.” मी म्हणलं, “धीरेच चलाना था तो बैलगाडी नहीं लेती?” हळू चालवूनबी भागत नोहतं. प्लायवूडवर ठीक, पण टोक दगडात घुसलं अन् जोर आला का तेच.

एक गोष्ट मले माही मीच सुचली, अन् त्याचा मले आजबी गर्व आहे. पेटीतून येणाऱ्या वायरी दोन मोटरीजवळून काढल्या अन् अदलाबदल केली. डाव्या-उजव्या मोटरीले मागच्या-पुढच्या मोटरीचा हुकूम. पेटी खराब असन तं आता मागचं-पुढचं बिघडन. नाई बिघडलं. डावं-उजवंच बिघडलेलं राह्यलं. म्हणजे पेटी निर्दोष, वायर निर्दोष, बिमारी त्या एका मोटरीत नाईतर तिच्या पुढं. मोटर अन् टोक सरकवणारा लांब लोखंडी स्क्रू, ह्या दोघाइले जोडणारा एक तुकडा असते, मुठीएवढा, त्याले कपलिंग म्हणतेत. ते सारं एका कव्हराच्या आत.

कव्हर उघडाले घेतलं अन् तेवढ्यात गुरुजी आले, कडप्पा पाहाले. संगं दोन बाया. नवरा त्याइच्या मागं. मी त्या चौघाइच्या समोर कव्हर काढलं.

कपलिंगवर पांढऱ्या पेन्सिलीची रेघ होती. एक वाकडीतिकडी, थरथरलेली रेघ. मोटरीच्या दांड्यावर एक तुकडा अन् कपलिंगवर एक तुकडा. घरात पांढरी पेन्सिल एकच माणूस वापरते, अन् तशी रेघ एकाच माणसाची निघते.

माह्या डोक्यात काय झालं ते सांगताच येत नाई. आठ दिवस मी फिटरच्या शिव्या खाऊन राह्यली, मिलवाल्याशी भांडून राह्यली, वायरी सोलून राह्यली, अन् हा माणूस माह्या पाठीमागं कव्हर उघडून खेळून राह्यला! “गुरुजी, पाहा जी,” मी म्हणलं. आवाज बाजूच्या मिलपर्यंत गेला असन. “ह्याइनं माह्या मशीनले हात लावला. ह्याइलेच मशीन नाई पाहिजे. स्वतःच्या हातानं होत नाई तं दुसऱ्याचंबी होऊ द्याचं नाई! इचारा ह्याइले, लावला का नाई हात?”

नवरा कपलिंगकडं पाहत होता. मंग माह्याकडं पाह्यलं, मंग गुरुजीकडं.

“हौ,” तो म्हणला. “लावला हात.”

बस. दुसरं अक्षर नाई. मले वाटलं, कबूल झाला. बायाइले वाटलं, गुरुजीले वाटलं. गुरुजी चश्मा पुसत म्हणले, “अरे, तू असं कराचं नोहतं.” तो मान हालवून घरात गेला, पिशवी भरली अन् बस धरून बहिणीच्या गावी, हट्ट्याले, निघून गेला. जाताना मी त्याले पाणीबी इचारलं नाई. उलट मागून म्हणलं, “तिथल्या जुन्या बावलीत उतरून विहिरीच्या पायऱ्या मोजत बसा!”

दोन दिवस मले लय हलकं वाटलं. खोटं काहून सांगू? भांडण जिंकल्यावर भाकर गोड लागते. तिसऱ्या दिवशी मी मशीन लावली. चोर तं पळाला, आता चालाले पाहिजे. नाई चालली. चौथी ओळ पुन्हा दोन सूत.

मंग मी कव्हर पुन्हा काढलं, ह्या वेळी रागाशिवाय, अन् खाली बसून पाह्यलं. रेघेचे ते दोन तुकडे एकमेकाले लागत नोहते. दांड्यावरचा एकीकडं, कपलिंगवरचा बोटभर दूर. कोणी खेळाले म्हून दोन वेगळ्या रेघा मारते का? एकच मारली असन, दांड्यावरून कपलिंगवर, सलग. मारली तेव्हा एक होती. मंग तुटली काहून?

माय वो. चुलीसमोर बसून भाकर थापताना आयकलेलं, नाई, न आयकलेलं, सारं वर आलं. खदानीत विंचच्या बोल्टावर अन् नटावर मिळून चुन्याची एक रेघ मारतेत. पाळी संपली का पाहतेत. रेघ सलग असन तं बोल्ट पक्का, तुटली असन तं घसरून राह्यला. हे त्यानं मले लग्नाच्या पह्यल्या वर्षी सांगतलं होतं. मी हौ हौ म्हणलं होतं.

त्यानं मशीन बिघडवली नोहती. त्यानं ती तपासली होती. फिटरले अन् मले जे आठ दिवस सापडलं नाई, ते यानं एका रेघेत पकडलं होतं. मोटर पुरी पावलं फिरत होती, कपलिंग तिच्या दांड्यावर घसरत होतं, अन् आंधळी मोटर म्हणत होती का मी पोचली.

खात्री कराले मी पट्टी लावून माही रेघ मारली, सरळ. मशीन पळवली. रेघ तुटली. मंग चावी घेऊन कपलिंगचा स्क्रू सोडला अन् ते दांड्यावरून ओढून काढलं. आतून केशरी चिकट तेल निघालं. बोटाले लागलं. वास घेतला.

आता खरं सांगते. हे मी तोवर घरात कोणाले सांगतलं नोहतं.

दसऱ्याले सारा वार्ड नागपूरले गेला तेव्हा मी गुडघ्याचं दुखणं सांगून घरी राह्यली. गुडघा दुखत नोहता. फिटरचं ते ‘धोखा देगी’ माह्या डोक्यात किड्यासारखं शिरलं होतं. मशीन गेली तं भांडे. हे एकच दिसे. बाजारातून शेंदूर आणला, पदरात लपवून. तेलात कालवला, कव्हर काढलं अन् जिथं मशीनची जान आहे म्हणून त्यानं हात ठेवला होता, त्या मोटरीच्या तोंडाशी चांगला बोटभर लावला. लय लावला, भीती लय होती म्हून. गाडी यायच्या आधी वरचं सारं पुसलं, चिंधी चुलीत घातली. वरचं पुसलं. फटीतून जे आत गेलं ते मले दिसलं नाई. तेलानं कपलिंगची पकड गेली, हळूहळू, रोजच्या हादऱ्यानं. अन् अशा मशीनवर मी पंचशील कोराले निघालती.

रडू आलं नाई. लाज वाटली, इतकी का शेडात एकटी असून मी पदर तोंडाले लावला. अन् तेवढ्यात कपलिंगची फट नीट दिसली. फटीच्या तोंडाशी बारीक ओरखडे होते, वेडेवाकडे, थरथरलेले. बारीक छिन्नीचे. कोणीतरी फटीतला शेंदूर कोरून काढाचा प्रयत्न केलता. जेवढा निघाला तेवढा काढला, आतला राह्यला.

म्हणजे त्याले दिसलं होतं. रेघ मारली त्या दिवशीच दिसलं होतं, अन् कोणी लावला हेबी कळलं होतं, घरात तिसरं होतंच कोण? त्या दिवशी गुरुजीसमोर त्यानं एवढंच म्हणाचं होतं, ‘हात मी नाई, हिनं लावला, शेंदराचा.’ विहाराच्या अध्यक्षासमोर, वार्डाच्या दोन बायाइसमोर. माह्यं तोंड वार्डात कायमचं काळं झालं असतं. अन् तो म्हणला, हौ, लावला हात.

तुमाले वाटन का माह्या मनात त्याच्याबद्दल माया दाटून आली. आली असन. पण आधी राग आला. असा राग का दगड फोडावा. सांगाले काय झालं होतं ह्या माणसाले? एकांतात सांगतलं असतं, चूल पेटवताना सांगतलं असतं, शिवी देऊन सांगतलं असतं! चूप राहून मले वार्डासमोर खोटं पाडलं, अन् ते आमा दोघाइशिवाय कोणाले माहीत नाई. मेल्यानं उपकार करून ठेवला. उपकाराचं ओझं भांडणापेक्षा वाईट, भांडणाले निदान उत्तर देता येते.

कपलिंग पेट्रोलमध्ये धुतलं, दांडा पुसून कोरडा केला, बसवलं अन् स्क्रू असा कसला का मनगट दुखलं. रेघ मारली, मशीन पळवली. रेघ सलग. स्केचपेननं दहा चौकोन, दहाबी एकावर एक. कडप्प्यावर पाच ओळी, सरळ. मंग ग्रॅनाइट लावला. दोन दिवस मी मशीनपासून हालली नाई. शेवटी तिले घरी धाडली तं टोक खुणेवर येऊन असं उभं राह्यलं का खूण दिसेना.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी दुपारी दगड न्यायले सारे आले. गुरुजी, बाया, हातगाडी. अन् नवरा. गुरुजीनंच त्याले हट्ट्याहून बोलावलं होतं. तो दारातच उभा राह्यला, पिशवी हातात, परक्या घरी आल्यावानी. माह्याकडं त्यानं पाह्यलं नाई.

बायाइनं दगडावरून पाणी फिरवलं. अक्षरं पांढरी उठून दिसली. एकीनं हात जोडले. गुरुजीनं पाचबी ओळी बोट ठेवून वाचल्या अन् खूश झाले. मंग मास्तराची जात ती, जाता जाता इचारलंच, “सूनबाई, चूक शेवटी कशात होती? त्या दिवशी तू ह्याच्यावर आळ घेतलता. ह्याच्याच हातानं बिघडलं होतं का?”

सारे माह्याकडं पाहून राह्यले. नवराबी. माह्या मनात दोन दिवस सारं तयार होतं. काय सांगाचं, कसं सांगाचं, कोणत्या शब्दापासून सुरू कराचं. अन् तोंडातून निघालं ते हे, “नाई जी, ह्याइचा काई दोष नाई. स्क्रू ढिला झालता. मशीन आहे, होते.”

“चला, मिटलं,” गुरुजी म्हणले. बायाइनं हातगाडी जवळ घेतली.

नवरा पिशवी खाली ठेवून दगडाजवळ आला. वाकला. थरथरता हात त्यानं पह्यल्या ओळीवर ठेवला अन् कारागीर जसं दुसऱ्या कारागिराचं काम तपासते, तसं एकेका अक्षरात बोट फिरवत खाली आला. पह्यली, दुसरी, तिसरी. चौथीवर, खोटं न बोलाच्या ओळीवर, बोट थांबलं. तिथं बोटाची थरथर अक्षरात आपटत होती, टिक टिक आवाज येई.

“चौथी ओळ बराबर बसली जी,” तो गुरुजीले म्हणला. “पह्यले हीच सरकत होती.”

गुरुजी हौ हौ म्हणत दाराकडं निघाले. बाया दगड उचलाले वाकल्या.

“गुरुजी,” मी म्हणलं, “जरा बसा. दगड नंतर न्या. स्क्रू ढिला नोहता.”